फिनाईलचा वास आणि पायाखालची फरशी

कोकणात आमच्या आजोळी दर आठवड्याला आणि सणाच्या आदल्या दिवशी हमखास जमीन सारवली जायची. आजी घमेल्यात ताजं शेण घ्यायची, पाणी घालून हातानेच कालवायची, त्यातल्या गवताच्या काड्या वेचून टाकायची आणि उकिडवी बसून भिंतीपासून दाराकडे मागे मागे सरकत यायची. वाळल्यावर जमिनीवर तिच्या बोटांच्या अर्धगोलांची रांग उमटलेली दिसायची. खर्च काहीच नाही. गाय गोठ्यात, पाणी विहिरीचं.

सारवणं ही नुसती साफसफाई नव्हती, ती डागडुजीही होती. मातीची भुई पुसता येत नाही, पुसली तर चिखल होतो. चालून चालून ती उखणते, धूळ सुटते, भेगा पडतात. शेणातले चाऱ्याचे बारीक तंतू ती धूळ धरून ठेवतात आणि भेगा बुजवतात. शेण जंतुनाशक असतं असं मात्र मी म्हणणार नाही. त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणूनच जखमेला किंवा बाळाच्या नाळेला शेण लावू नये असं डॉक्टर कळकळीने सांगत आले. पण मातीच्या जमिनीला त्याहून स्वस्त आणि सोयीचं दुसरं काही नव्हतं. जशी जमीन तसा उपाय. पुढे जमीन बदलत गेली आणि उपाय निवडताना तिच्याकडे बघायचंच राहून गेलं. फरशी पुसण्यावरचा आपला आजचा बराचसा खर्च त्यातून आला आहे.

फिनाईलची गोष्ट डांबरापासून सुरू होते. १८३४ मध्ये जर्मनीत रुंग या रसायनतज्ज्ञाने कोळशाच्या डांबरातून कार्बोलिक आम्ल, म्हणजे आजचं फिनॉल, वेगळं काढलं. इंग्लंडातल्या कार्लाइल गावात ते सांडपाण्यावर टाकल्याने दुर्गंधी कमी झाली, हे जोसेफ लिस्टर यांच्या कानावर गेलं आणि १८६५ मध्ये त्यांनी ग्लासगोच्या इस्पितळात जखमांवर ते वापरून पाहिलं. १८७७ मध्ये जॉन जेज यांनी डांबराच्या तेलापासून केलेल्या जंतुनाशक द्रवाचं पेटंट घेतलं. आपल्या काळ्या फिनाईलचं कूळ हेच. डांबराचं तेल साबणात धरून ठेवलेलं असतं. पाण्यात झाकणभर ओतलं की तेलाचे बारीक थेंब सगळीकडे पसरतात आणि काळा द्रव क्षणात दुधासारखा पांढरा होतो. लहानपणी हे बघायला मी मुद्दाम बादलीपाशी उभा राहायचो.

आपल्याकडे हा वास घराघरांत शिरला तो भीतीच्या काळात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मग गटारं, रस्ते आणि घरं कार्बोलिकने धुण्याची मोहीम निघाली, भिंतींना चुना फासला गेला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अधिकाराखाली घरांत शिरून झालेली जबरदस्ती आणि त्यानंतर चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली ती २२ जून १८९७ ची रात्र सगळ्यांनाच ठाऊक आहे. रोग पसरत होता तो उंदरांच्या पिसवांमुळे, हे तेव्हा सर्वमान्य व्हायचं होतं. म्हणजे जमीन कितीही धुतली तरी प्लेगचं मूळ तिथे नव्हतंच. पण दवाखान्याचा वास म्हणजे स्वच्छता, ही खूणगाठ मनात बसली ती बसलीच. आज लिंबाच्या, लॅव्हेंडरच्या वासाच्या बाटलीला आपण पैसे मोजतो त्यामागेही तीच खूणगाठ आहे असं मला वाटतं. वास आला नाही तर फरशी पुसल्यासारखीच वाटत नाही.

मधल्या काळात पायाखाली कायकाय येऊन गेलं! चुन्याचा आणि मग सिमेंटचा कोबा आला. कोकण-गोव्यात त्यात लाल रंग मिसळायचे आणि पुसून पुसून तो आरशासारखा व्हायचा. मुंबई-रायचूर रेल्वेमार्गावरच्या शहाबादहून करड्या फरश्या आल्या, आंध्रातून काळा कडप्पा आला. मुंबईत १९२२ मध्ये सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या प्रेरणेतून भारत टाइल्सचा कारखाना काढला. नक्षीदार सिमेंटच्या लाद्या मग विलायतेहून आणायची गरज उरली नाही. पुढे चाळींत आणि सोसायट्यांत मोझाइक आलं, म्हणजे सिमेंटात बसवलेले संगमरवराचे तुकडे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गुजरातेतल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्सनी हे सगळं झाकून टाकलं.

या शेवटच्या बदलाने खरं तर आपलं काम अगदी सोपं झालं होतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मळ वरच्या वर राहतो. आधी नीट केर काढला तर साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तो निघतो. पण आपण शोषून घेणाऱ्या जुन्या फरशीच्या सवयीने झाकणंच्या झाकणं ओतत राहिलो. जास्तीचा साबण टाइलवरच वाळतो, त्याचा चिकट थर बसतो, त्याला धूळ धरते आणि मग आपण आणखी ओततो.

जंतूंचंही तसंच आहे. आजच्या अनेक फ्लोअर क्लीनरमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. त्याचा जंतुनाशक गुण जर्मनीच्या गेरहार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये दाखवून दिला. ते कामाचं रसायन आहे. घरात कुणी आजारी असेल, उलटी झाली असेल, तर जरूर वापरावं. पण जंतू मारायला ते फरशीवर काही मिनिटं ओलं राहावं लागतं, आणि आपण पुसता पुसताच पंखा लावतो! म्हणजे रोज वाया जातात ते पैसे, आणि रसायन मोरीतून ओढ्याकडे. काळ्या फिनाईलबाबत आणखी एक गोष्ट मांजर पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: असली रसायनं मांजरांच्या शरीरात नीट पचून बाहेर पडत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी त्यांना त्रास होऊ शकतो.

आता बायोएन्झाइमबद्दल, म्हणजे फळांच्या साली आंबवून घरीच केलेल्या सफाईच्या द्रवाबद्दल. एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने थांबायचं, ही कृती थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपानवोंग यांच्या नावाने जगभर पोचली. साली वाया जात नाहीत, प्लास्टिकची बाटली येत नाही. मला ती मनापासून आवडली, म्हणून मीही बरणी भरली. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, नाहीतर बरणी फुटते. तीन महिन्यांनी जे तयार होतं त्यात मुख्यतः सौम्य शिरका (व्हिनेगर) असतो, आणि सफाईचं बरंचसं काम तो आंबटपणाच करतो. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ओट्यावर गाळणी ठेवली होती, तिच्याखाली रात्रभर ओल राहिली आणि सकाळी काळ्या कडप्प्यावर वाटीएवढं पांढुरकं वर्तुळ उमटलं होतं. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुनखडीच्या कुळातले. आंबट काहीही लागलं की ते झिजतात, मोझाइकही झिजतं. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून जवळून बघावं. बारीक बुडबुडे आले तर त्या घरात शिरका आणि बायोएन्झाइम फरशीपासून लांब ठेवावं. व्हिट्रिफाइडवर ते पातळ करून खुशाल वापरावं.

शिरका आणि खायचा सोडा एकत्र करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारतात आणि बादलीत उरतं ते जवळपास नुसतं पाणी. ब्लीचिंगच्या पाण्यात मात्र शिरका, ॲसिड, काहीही आंबट कधीच घालू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

चुनखडीच्या फरशीला चालणाऱ्या गोष्टी आपल्या जुन्या घरांत होत्याच. स्वयंपाकघरात तेलकट झालं तर बादलीभर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, नंतर साध्या पाण्याचा एक हात. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका धरतो, तिथे रिठे. पाच-सहा रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे. त्या पाण्याचा साका होत नाही. घरात पुन्हा शिंदीची केरसुणी आणून पाहिली. फूलझाडूपेक्षा ती कोपऱ्यातली माती चांगली ओढते, आणि केर नीट निघाला की पुसायला एक बादली पुरते.

ओट्यावरचं वर्तुळ अजून तसंच आहे. फरशीवाल्याने पॉलिश मारून देतो म्हटलं होतं. अजून मारून घेतलेलं नाही.