बालकांतील मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतरचे रोहिणीविकार

मेंदूतील गाठ काढताना किंवा काढल्यानंतर मुलांच्या रोहिण्यांना इजा होणे, त्या आकसणे, फुगणे किंवा वर्षानुवर्षे अरुंद होत जाणे, या सगळ्यांना मिळून हे नाव आहे. रोहिणी, म्हणजे रक्त पुरवणारी धमनी, हा पुस्तकी शब्द. नागपूरच्या वॉर्डात नातेवाईक ‘मेंदूची नस’ म्हणतात आणि परिणामाला ‘लकवा’.

धोका गाठीच्या जागेवर ठरतो. क्रेनिओफॅरिंजिओमा ही गाठ कर्करोगाची नसते, पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या देठाजवळ वाढते आणि मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड रोहिणीला व तिच्या फांद्यांना चिकटते. ती सोडवताना रोहिणी फाटून रक्तस्राव होऊ शकतो. गाठीभोवती रक्त साचले, तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रोहिणी आकसून मेंदूचा भाग रक्ताविना राहतो. मूल सुस्त होते, एक हात उचलत नाही किंवा बोलणे अडखळते. हे शस्त्रक्रियेचा थकवा म्हणून सोडून देणे महागात पडते.

काही मुलांत महिन्यांनंतर कॅरोटिड चातीच्या आकारात फुगलेली दिसते. रोहिणीच्या बाहेरच्या थराला झालेली इजा हे त्याचे संभाव्य कारण. नाव ऐकून आईवडील हादरतात, पण बहुतेकदा हा फुगवटा वाढत नाही, फुटत नाही आणि नुसती नजर ठेवणे पुरते.

गाठीवर दिलेल्या रेडिएशनचा परिणाम याहून उशिरा, बहुधा काही वर्षांनी उमटतो. लहान वयात, त्यातही न्यूरोफायब्रोमॅटोसिस (मज्जातंतूंवर गाठी आणणारा जनुकीय आजार) असलेल्या मुलांत, कॅरोटिडचे टोक बंद होत जाते आणि भोवती बारीक वाहिन्यांचे जाळे वाढते. सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ मध्ये अशा चित्राला ‘मोयामोया’ म्हटले. जपानीत अर्थ, धुराचा लोट.

विदर्भात आणखी एक गुंता आहे. इथे सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, पुष्कळ आढळतो आणि तो गाठीशिवायही अगदी अशाच रोहिण्या अरुंद करतो. म्हणून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाहून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानच्या एम्सला आलेल्या मुलाची शस्त्रक्रियेपूर्वी सिकलची तपासणी झालेली असणे ही औपचारिकता नव्हे. सिकलच्या मुलांत कवटीबाहेरून केलेल्या डॉप्लर (ध्वनिलहरींच्या) तपासणीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक आढळला, तर पक्षाघाताचा धोका मोठा मानतात. अशांना नियमित रक्त देऊन सिकलचे सदोष हिमोग्लोबिन (एस हिमोग्लोबिन) साधारण ३० टक्क्यांखाली ठेवतात.

दुसरा गुंता उन्हाचा. पीयूषिकेचा देठ दुखावला की मुलाला डायबिटिस इन्सिपिडस होतो: साखरेशी संबंध नाही, पण लघवी पाण्यासारखी होत राहते आणि तहान भागत नाही. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, डेस्मोप्रेसिन या लघवी आवरणाऱ्या औषधाची मात्रा चुकली तर शरीर लवकर कोरडे पडते, आणि अरुंद रोहिणीतला पुरवठा आणखी घटतो. उलट मात्रा घेतल्यावर घरच्यांनी प्रेमाने पाणी पाजत राहिले, तर सोडियम घसरून झटके येतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, किती पाणी द्यायचे, हे म्हणूनच अंदाजाने नव्हे, डॉक्टरांना विचारून ठरवायचे.

मोयामोयाच्या मुलाला हुंदके देऊन रडल्यावर किंवा गरम वरण-भातावर जोराने फुंकर घातल्यावर काही मिनिटे हात लुळा पडू शकतो. जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रोहिण्या आकसतात. हात पुन्हा चालू लागला तरी तो इशाराच असतो. एमआर अँजिओग्राफीत रोहिण्या दिसतात; जुनी सीडी जपून ठेवलेली असेल, तर बदल ओळखणे फार सोपे जाते. गरज पडल्यास डोक्याच्या कातडीतील रोहिणी मेंदूच्या पृष्ठभागावर बसवतात. तिच्यापासून नव्या वाहिन्या फुटायला काही महिने जातात.