टीसी आणि एमजीबी: कंपनी एक, बॅटरीचं अर्थिंग उलटं

एमजी या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या स्पोर्ट्स कारपैकी टीसी घेऊ की एमजीबी, हे इतक्या जणांनी विचारलंय की आता लिहूनच ठेवतोय.

टीसी १९४५ ते १९४९ ची, १२५० सीसी, लाकडी सांगाड्यावर पत्रा, १९ इंची तारांची चाकं, चारही ड्रम ब्रेक. एमजीबी १९६२ ते १९८०, १७९८ सीसी, वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) नाहीच, बॉडीच सगळा भार घेते, पुढे डिस्क ब्रेक. लांब जायचं असेल, नेहमी चालवायची असेल तर एमजीबी घ्या, सरळ सांगतो. टीसीत रस्त्यातला प्रत्येक खड्डा हाताला कळतो, आणि ज्याला त्यातच मजा येते त्याने दुसरीकडे बघूच नये. बघायला जाल तेव्हा टीसीचं उघडं दार जरा वर उचलून बघा, बिजागरीपाशी खांब हलला तर आतलं लाकूड गेलंय. एमजीबीचे दाराखालचे सिल, म्हणजे बॉडीच्या कडेच्या पत्र्याच्या पेट्या, बघा, ते गंजले असतील तर नुसता पत्रा नाही, गाडीची ताकदच गेली.

आता खरं दुखणं. टीसीला पॉझिटिव्ह अर्थ (अर्थिंग) असते, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. नंतरच्या एमजीबीला मायनस बॉडीला. लोक सवयीने काळी वायर बॉडीला लावून मोकळे होतात, टीसी चालूही होते, म्हणून कळतच नाही, पण बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो जुन्याच दिशेने करंट देतो आणि कटआउटचे, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळून चिकटतात. नंतरच्या एमजीबीत डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आहे, तिथे उलटी लावली तर त्याचे डायोड तिथल्या तिथे जातात. आणि एमजीबी आहे म्हणजे मायनसच असं धरू नका, १९६७ पर्यंतच्या एमजीबीलाही डायनॅमो आणि पॉझिटिव्ह अर्थच होती, शिवाय मधे कुणी बदलून घेतलेली असू शकते. वायरच्या रंगावर जाऊ नका, बॅटरीवरची खूण बघा, प्लसचा खांब जाड असतो.

टीसीत घरी बघायचं असेल तर इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. अँपमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मायनसकडे गेला तर ठीक, प्लसकडे गेला तर बॅटरी उलटी लागलीय, लगेच काढा.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना प्लसला प्लस, मायनसला मायनस हे आहेच, पण दोन्ही गाड्यांचे बंपर एकमेकांना टेकू देऊ नका. एकीची बॉडी प्लस, दुसरीची मायनस, टेकले की थेट शॉर्ट.

आमच्या गॅरेजमध्ये गाडी आली की कामाला हात लावण्याआधी आम्ही अर्थ तपासतो, वेळ जातो, काहींना ते उगाच वाटतं. पण जळलेलं वायरिंग शोधत बसायला दोन दोन दिवस लागतात आणि ते बिलात तुमच्याच येतं. तपासून झालं की बॅटरीजवळ लाल स्टिकर लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही. पॉझिटिव्हची निगेटिव्ह करून हवी असेल तर तेही करतो, डायनॅमो नव्या दिशेला फ्लॅश करून (बॅटरीचा क्षणभर करंट देऊन त्याची दिशा बदलून), इग्निशन कॉइलच्या वायरी आणि अँपमीटर फिरवून. रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं मनात असेल तर विकत घेण्याआधी एक फोन करा.