रोजची मंडई आणि रविवारची रपेट
स्कूटर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुण्यातल्या आमच्या गॅरेजमध्ये अकाली थकून येणाऱ्या स्कूटर फार पळालेल्या असतात असं नाही. कितीतरी गाड्यांच्या मीटरवर चार वर्षांत जेमतेम सहा हजार किलोमीटर असतात. रंग चकचकीत, सीटला कव्हर, आणि तरी सकाळी सेल्फ उचलत नाही. ऑइल काढावं तर काळं आणि पातळ झालेलं. मालक म्हणतात, "अहो, गाडी चालतेच कुठे? दूध, भाजी, नातीची शाळा, बस." दुखणं त्या "बस"मध्येच आहे. ते नीट समजावून सांगावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

छोटी फेरी गाडीला जड जाते

पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन गरम असेल तर ती सायलेन्सरमधून निघून जाते. थंड असेल तर थोडी आतच थिजते आणि ऑइलमध्ये उतरते. थंड इंजिनात पेट्रोलही पूर्ण जळत नाही, त्यातलं थोडं ऑइलमध्ये मिसळतं. गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग चालली की ऑइल तापतं आणि हे बरंचसं उडून जातं. पण वाण्याचं दुकान एक किलोमीटरवर! इंजिन कोमट होतं न होतं तोच आपण चावी काढतो. असं दिवसातून चार वेळा. अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं की आतून ताकासारखा पांढरट थर दिसतो, तो या पाण्याचा.

त्यात स्कूटरमध्ये ऑइल असतं किती? बहुतेक गाड्यांत ७००-८०० मिली, म्हणजे दुधाच्या मोठ्या पिशवीपेक्षाही कमी. एवढ्याशा ऑइलला खराब व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सर्व्हिसिंग नुसत्या किलोमीटरवर मोजू नका. रोज ४ किलोमीटर चालवलीत तर वर्षाचे १,४६० होतात. त्या हिशेबाने ऑइल बदलायची वेळ दोन वर्षं येणारच नाही. सर्व्हिस बुकात किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे असतात, त्यातला आधी येईल तो धरायचा. फक्त गल्लीत फिरणाऱ्या गाडीचं ऑइल सहा महिन्यांनी बदला, असं आम्ही सांगतो.

बॅटरीचंही तेच. सेल्फ मारताना बॅटरीतून बराच करंट जातो आणि तो भरून यायला गाडी काही काळ चालावी लागते. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइटचं बटणच नसतं, गाडी चालू की दिवा चालू. त्यामुळे छोट्या फेरीत जमेपेक्षा खर्च जास्त. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली तर किक मारूनही गाडी सुरू होईलच असं नाही. दिवाळीला आठ-दहा दिवस गावी जाऊन आलं की ही तक्रार हमखास येते.

यावर आमचं औषध

आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढा. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, वीस-पंचवीस किलोमीटर. खडकवासल्याला जा, धरणाच्या भिंतीजवळ कणीस खा, परत या. चाळीस-पन्नासच्या वेगाने, एक्सलेटर एकसारखा धरून. इंजिन नीट तापतं, ऑइलमधलं पाणी उडतं, बॅटरी भरते. एखादा बारीक आवाज येत असेल तर तोही मोकळ्या रस्त्यावरच ऐकू येतो. रोज ओझ्यासारखी वाटणारी गाडी त्या सकाळी आवडायला लागते, हे आम्ही स्वतः अनुभवलं आहे. ज्याला गाडी आवडते तो तिच्याकडे लक्षही देतो.

सिंहगडावर किंवा दिवे घाटात जाणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गिअरची गाडी उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिन तिला धरून ठेवतं. बिनगिअरच्या स्कूटरला ती सोय फार थोडी आहे. एक्सलेटर सोडून वेग कमी झाला की आतला क्लच सुटतो, आणि मग गाडी केवळ ब्रेकवर असते. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ड्रम तापतात आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबेनाशी होते. म्हणून वेग वाढूच देऊ नका. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा, दाबा, सोडा, पुन्हा दाबा. जळका वास आला तर बाजूला थांबा आणि ड्रम निवू द्या. त्यावर पाणी ओतू नका. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणं तर कधीच नको.

आतला पट्टा

१९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने आपल्याकडे बिनगिअरची, सेल्फची स्कूटर घरोघरी ओळखीची केली. त्याआधी चेतकचा गिअर डाव्या मुठीत फिरवावा लागे. आजच्या स्कूटरमध्येही कायनेटिकसारखाच रबरी बेल्ट दोन पुल्यांवर फिरतो. पुढच्या पुलीतले छोटे रोलर बाहेर सरकतात तशी ती पुली आवळत जाते आणि वेग वाढतो. हा बेल्ट झिजतो. निघताना गाडी थरथरली, इंजिनचा आवाज चढला पण वेग चढला नाही, तर दाखवून घ्या. साधारण २४,००० किलोमीटरच्या आसपास तो बदलून टाकलेला बरा, कारण तुटला तर गाडी आहे तिथेच थांबते, मग ती मंडईत असो की घाटात. मागच्या चाकाजवळचं गिअर ऑइल वेगळं असतं. ते अगदी थोडं असतं आणि सगळे ते विसरतात. सर्व्हिसिंगला आलात की आमच्या मुलांना आठवण करा.

सामान, हवा, पाऊस

स्कूटर आपण घेतो ती फुटबोर्डसाठी. पण २० लिटरचा पाण्याचा जार म्हणजे २० किलो वजन, आणि तो पायात ठेवला की पाय बाहेर येतात, वळताना जार सरकतो. दोन फेऱ्या मारा, किंवा जार घरपोच मागवा. हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवू नका, हँडल वळत नाही. जड वस्तू डिकीत, हलकी हुकाला.

हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना. ॲक्टिव्हाला पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि डबलसीट असाल तर ३६. दुसऱ्या गाड्यांचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पंपावरचा मुलगा "किती भरू?" विचारतो तेव्हा "भर अंदाजाने" म्हणू नका. मागे हवा कमी असेल तर ॲव्हरेज पडतं आणि खड्ड्यात रिम वाकते. स्कूटरची चाकं लहान, त्यामुळे मोटरसायकल जो खड्डा सहज ओलांडते त्यात स्कूटरचं चाक उतरतं.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो हे आपल्याला माहीत आहे, पण गल्लीतलं साचलेलं पाणी आपण हलक्यात घेतो. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असेल तर मागे फिरा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलत बाहेर आणा आणि आम्हाला फोन करा. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारलं तर आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाचशेचं काम मग हजारांत जातं.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं घ्या आणि पट्टा लावा, मागे बसणाऱ्यालाही. कोपऱ्यावर जायचं असलं तरी. विम्याचं एक सांगायचं राहिलं: नव्या गाडीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो. गाडी चोरीला गेली किंवा आपलीच मोडली तर त्याचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठीचा विमा बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो आणि तो संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. पॉलिसी आजच काढून तारीख बघा.

सकाळी गाडी सुरू होत नसेल तर ती आमच्याकडे आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. वाटेत तापून आलेली गाडी आमच्यासमोर एका सेल्फला उचलते आणि दुखणं सापडत नाही. रात्रभर निवालेल्या गाडीला सकाळी पहिलं सेल्फ आम्ही स्वतः मारून बघतो.