संवादी कथा: शोध आणि शिफारस

संवादी कथा म्हणजे वाचणाऱ्याने हुकूम टाइप करून किंवा दिलेल्या पर्यायांतून एक निवडून पुढे न्यायची, संगणकावरची वा फोनवरची गोष्ट. एकट्यादुकट्याने केलेले छोटे स्वतंत्र गेम हे तिचे सख्खे भावंड. दोघांच्याही गाठीला जाहिरातीचा पैसा नसतो, त्यामुळे ‘हे खेळून बघ’ असे कोणीतरी सांगितल्यावरच त्यांचा पत्ता लागतो.

अमेरिकेतील विल क्राउदर हा प्रोग्रामर गुहा धुंडाळण्याचा शौकीन होता. केंटकीतल्या मॅमथ गुहेवर बेतलेला, हुकूम टाइप करून खेळायचा ‘अ‍ॅडव्हेंचर’ त्याने १९७५-७६ च्या सुमारास लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. हा खेळही नकला होत होत एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. १९९५ पासून दरवर्षी ‘आयएफकॉम्प’ ही संवादी कथांची स्पर्धा इंटरनेटवर भरते. तिचे परीक्षण सामान्य वाचकच करतात: किमान पाच कथा खेळायच्या आणि प्रत्येकीला पहिल्या दोन तासांच्या खेळावरून गुण द्यायचे. नवख्याने शोधाला इथूनच सुरुवात करावी. छोट्या गेमसाठी २०१३ मध्ये सुरू झालेले इच डॉट आयओ हे संकेतस्थळ म्हणजे मोठे भांडार आहे. गुजरातमधील स्टुडिओ ओलिओमिंगसचे वसाहतकाळाभोवती फिरणारे चमत्कारिक खेळ तिथे मिळतात. मात्र भांडार इतके अफाट आहे की वाटाड्याशिवाय शिरणारा बहुधा रिकाम्या हाताने परततो.

सिंधुदुर्गातल्या माणसाला हा प्रकार अगदीच परका वाटू नये. दशावतारात आख्यान ठरलेले असते, पण संवाद लिहिलेले नसतात. ते नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. संवादी कथेत ही मोकळीक, थोडी आखडून का होईना, समोर बसलेल्याला मिळते.

हुकूम टाइप करायच्या कथा मराठीत आणताना आपले व्याकरण आडवे येते. इंग्रजीत दिवा उचला, पेटवा किंवा त्यात तेल घाला, ‘लॅम्प’ हा शब्द तसाच राहतो. मराठीत ‘दिवा घे’ म्हटले तरी पुढे ‘दिव्यात तेल घाल’ येते आणि ‘दिवा’ शोधणारा प्रोग्राम गोंधळतो. पर्याय निवडायच्या कथेत ही कटकट नाही. ख्रिस क्लिमसने २००९ मध्ये आणलेल्या ट्वाइन या मोफत साधनात देवनागरीत लिहिता येते आणि प्रोग्रामिंग जवळजवळ लागत नाही.

ट्वाइनमधली तयार कथा म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल. चित्रे-आवाज नसतील तर ती एखाद्या फोटोहूनही हलकी असते. सड्यावर चढल्याशिवाय रेंज न येणाऱ्या वाडीत हे फार सोयीचे. चतुर्थीला आलेल्या चाकरमान्याने पडवीत बसून ती ब्लूटूथने भाच्याच्या फोनवर टाकली की पुढे नेट लागत नाही. पावसात लाईट गेली तरी बॅटरी संपेतो गोष्ट चालू राहते.

‘भारी आहे, बघ’ एवढ्या शिफारशीने मात्र कोणी फाइल उघडत नाही. किती वेळ लागेल, इंग्रजी कितपत अवघड आहे, लहान मुलांसमोर उघडण्याजोगी आहे का, एवढे सांगितले तर आरती आणि जेवणाच्या मधल्या अर्ध्या तासात ती खेळली जाते. आपण कोणता पर्याय निवडला ते आधी सांगू नये. भाच्याने दुसरा निवडलेला असतो आणि दोघांच्या गोष्टी जुळत नाहीत, तेव्हाच पडवीत वाद रंगतो.