सागरी जिवाणूंची प्रथिनविघटक विकरे

समुद्र, खाडी आणि मिठागरांतले जिवाणू पेशीबाहेर सोडतात ती, प्रथिनांतील पेप्टाइड बंध (अमिनो आम्लांना जोडणारे दुवे) तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम. प्रयोगशाळेत त्यांना सरसकट ‘प्रोटिएज’ म्हणतात. मेलेली कोळंबी जिवाणूला गिळता येत नाही. म्हणून तो विकर बाहेर टाकून प्रथिनांचे तुकडे करतो आणि सुटलेली पेप्टाइडे व अमिनो आम्ले शोषून घेतो. बॅसिलस, व्हिब्रिओ, स्यूडोअल्टेरोमोनास या प्रजातींत अशी विकरे सर्रास आढळतात.

कोकणात ही क्रिया आधी नाकाला कळते. बोंबलात जवळपास ९० टक्के पाणी असते. वाळत घातलेल्या बोंबलांवर अवकाळी पाऊस पडला की ते एका रात्रीत लिबलिबीत होतात. खाऱ्या बांगड्यावर कधी गुलाबी थर चढतो, त्याचे कारण तर खुद्द मिठातूनच येते. मिठागराच्या संपृक्त पाण्यात राहणारे हे लवणप्रिय सूक्ष्मजीव (काटेकोर बोलायचे तर जिवाणू नव्हेत, आर्किया हा सूक्ष्मजीवांचा वेगळा गट) मिठाबरोबर माशावर पोहोचतात आणि त्याचे मांस सैल करतात. त्यांच्या विकरांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्ले दाटीने असतात. त्यामुळे इतर विकरे निकामी होतील इतक्या मिठात ती काम करतात. गोड्या पाण्यात मात्र त्यांची घडी विस्कटते.

शोधण्याची रीत साधी आहे. खाडीतला चिखल किंवा माशाचे आतडे पाण्यात कालवून ते पाणी दूध घातलेल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) पसरतात. बशी दुधामुळे पांढुरकी, अपारदर्शक असते. एखाद्या वसाहतीने केसीन (दुधातले प्रथिन) पचवले की तिच्याभोवती काचेसारखे स्वच्छ वलय उमटते. वलय मोठे म्हणजे विकर उत्तम, असे मानायची घाई करू नये; पुढे आम्लता, तापमान आणि मीठ यांच्या कसोट्या असतातच.

कोकणाला सर्वांत जवळचा उपयोग कोळंबीच्या कचऱ्याचा. सोललेल्या कोळंबीचे डोके आणि कवच मिळून वजनाचा साधारण निम्मा भाग होतो. कवचातून कायटिन (कवचाला बळकटी देणारा पदार्थ) काढताना प्रथिने सोडवायला कॉस्टिक सोडा वापरतात. सांडपाणी जळजळीत होते आणि प्रथिनेही वाया जातात. प्रोटिएजने हेच काम सौम्यपणे होते, वर खाद्यात घालण्याजोगा प्रथिनांचा अर्क हाती लागतो. धुण्याच्या पावडरीत रक्ताचे डाग काढण्यासाठी, चामड्यावरचे केस सोडवताना चुना-सल्फाइडऐवजी आणि जुन्या एक्स-रे फिल्मवरच्या जिलेटिनमधून चांदी मिळवायलाही प्रोटिएज चालते.

तरी बाजारातली धुण्याची पावडर अजून मुख्यतः जमिनीवरच्या बॅसिलसच्या विकरांवरच चालते. बहुतेक सागरी जिवाणू बशीत वाढतच नाहीत. जे वाढतात त्यांना खारे माध्यम लागते, आणि ते पोलादी टाक्यांना गंज चढवते. मीठ कमी केले तर जिवाणू कदाचित तग धरेल, पण विकर पूर्वीइतके सोडेलच असे नाही.