वेब मानके, सुगम्यता आणि ब्राउझर-सुसंगतता : गोव्यातील बहुभाषिक वेबपाने

वेब मानके : वेबपान कसे लिहायचे आणि ब्राउझरने ते कसे वाचायचे, याचे सर्वांना खुले असलेले लेखी नियम. एचटीएमएल मजकुराची रचना सांगते, सीएसएस त्याचे रूप ठरवते आणि जावास्क्रिप्ट त्याचे वागणे. हे नियम पाळले तर पणजीत लिहिलेले पान कोणत्याही फोनवर उघडते, ही झाली ब्राउझर-सुसंगतता. दृष्टिहीन, श्रवणबाधित किंवा माउस धरता न येणाऱ्या माणसालाही तेच पान वापरता येणे म्हणजे सुगम्यता. गोव्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. इंग्रजी तर आहेच, आणि रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी लिहिणारा-वाचणारा वर्गही मोठा आहे. एकाच पानावर इतक्या भाषा आल्या की ते डोळ्यांना नीटनेटके दिसले तरी यंत्राला त्यातले काही कळत नाही, हा दोष इथे फार लवकर उघडा पडतो.

पूर्वपीठिका

टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम, म्हणजे डब्ल्यूथ्रीसी, ही संस्था स्थापन केली. सीएसएसची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली, तर जावास्क्रिप्टचे मानक ‘एक्मास्क्रिप्ट’ या नावाने १९९७ मध्ये. तरीही नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर हे त्या काळचे दोन मुख्य ब्राउझर आपापल्या सोयीने नियम वाकवत राहिले, आणि ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच पाहा’ अशा पाट्या पानापानावर झळकू लागल्या. त्याविरुद्ध १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट हा विकसकांचा गट उभा राहिला. आज एचटीएमएलचे मानक ब्राउझर बनवणाऱ्यांच्या ‘व्हॉटडब्ल्यूजी’ या गटाकडे आहे. २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीशी करार झाल्यापासून त्याची एकच, सतत सुधारत जाणारी प्रत चालते.

सुगम्यतेचे नियम ‘डब्ल्यूसीएजी’ या नावाने ओळखले जातात. त्यांच्या आवृत्त्या १९९९, २००८, २०१८ आणि २०२३ मध्ये निघाल्या. साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, पान कळफलकाने चालवता यावे, चित्राला पर्यायी मजकूर असावा, ही त्यांतली सर्वांत परिचित कलमे. दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे यंत्राने तपासणाऱ्या ‘वेबएम’ या अमेरिकी संस्थेला २०२४ मध्ये ९५.९ टक्के पानांत दोष सापडले आणि त्यांत फिकट अक्षरांचा दोष पहिला होता. नियम अवघड असल्यामुळे हे घडते असे नाही. पाढ्यासारखी पाठ असलेली कलमेही कोणी पाळत नाही.

भाषेची खूण

पानाचा मजकूर कोणत्या भाषेत आहे, हे एचटीएमएलमध्ये ‘लँग’ या गुणधर्माने सांगायचे असते. मराठीसाठी ‘एमआर’, कोंकणीसाठी ‘केओके’. ‘केओके’ ही छत्रीसारखी संज्ञा असून तिच्याखाली गोव्याच्या कोंकणीसाठी ‘जीओएम’ हा वेगळा संकेत आहे. गोंयची कोंकणी विकिपीडियाही याच संकेताने चालते. रोमी लिपीसाठी पुढे लिपीचा ‘लॅटन’ हा तुकडा जोडता येतो. डब्ल्यूसीएजीत संपूर्ण पानाची भाषा सांगणे हे पहिल्याच स्तराचे, म्हणजे टाळताच न येणारे कलम आहे आणि मध्येच भाषा बदलली तर तेवढ्या तुकड्याची भाषा सांगणे दुसऱ्या स्तराचे. विशेषनामांना यातून सूट आहे. ती नसती तर गोव्यातल्या पोर्तुगीज आडनावांची यादी कुणाला पुरी करता आली नसती.

ही खूण नसली की काय होते, ते एनव्हीडीए या मोफत स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, पाच मिनिटांत ऐकू येते. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत, पण केव्हा कोणता लावायचा हे त्याला पानानेच सांगावे लागते. सांगितले नाही तर इंग्रजी आवाज देवनागरी ओळ गाळतो नाहीतर अक्षरागणिक काहीबाही पुटपुटतो. रोमी कोंकणीचे उलटे. तिची अक्षरे इंग्रजी, त्यामुळे इंग्रजी आवाज न अडखळता वाचत जातो. त्या लेखनात शब्दाच्या शेवटचा ‘एम’ हा बहुधा अनुनासिकासाठी असतो. हे त्या आवाजाला ठाऊक नसल्याने ‘देव बरें करूं’ या आभाराच्या शब्दांचे ‘बोरेम कोरम’ होते. ऐकणारा हसतो, पण महसूल खात्याची सूचना अशी ऐकावी लागली तर हसू येणार नाही.

डोळस वाचकालाही या खुणेचा उपयोग आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा निराळी आहेत. देवनागरीच्या काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, आणि पान मराठी आहे असे लिहिलेले असेल तरच ब्राउझर मराठी वळण निवडतो. म्हणजे सुगम्यतेसाठी लिहिलेल्या एका शब्दाने छपाईही सुधारते. हे माहीत नसलेले डिझायनर ‘फॉन्ट हिंदी वाटतो’ म्हणून नवा फॉन्ट शोधत बसतात.

अक्षरांचे सांकेतन

युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक संकेत देणारे मानक. त्याच्या आधीच्या काळात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे ज्याच्या त्याच्या फॉन्टवर चालत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले हे फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसले तर पडद्यावर नुसता कचरा उमटे. असा जुना मजकूर आजही कुठे कुठे शिल्लक आहे. शोधयंत्राला तो सापडत नाही आणि स्क्रीनरीडरला तो इंग्रजी अक्षरांचा ढीग वाटतो.

युनिकोडने हा घोळ मिटवला, सगळाच मात्र नाही. पर्यटनाच्या पानांवर ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घडोघडी येतो. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो : खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, पण एका रीतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या पानावर सापडत नाही. ‘ॲप’चीही तीच गत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवले जाई आणि अजूनही अनेक कळफलक तेच उमटवतात. एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एक करण्याचा युनिकोडचा नियम, म्हणजे सामान्यीकरण, या जोड्या एकरूप करत नाही. शोधाची सोय करणाऱ्याने त्या आपणच जुळवून घ्याव्या लागतात.

मोजणीतही गंमत आहे. ‘म्हापसा’ हा वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा शब्द, पण संकेत मोजले तर सात. अर्जातल्या चौकटीची मर्यादा संकेतांनी मोजली जाते. वाचणाऱ्याच्या अक्षरांच्या हिशेबाने मर्यादा ठेवली की देवनागरीत नाव मध्येच तुटते. लेखाचे पहिले अक्षर मोठे करण्याची वृत्तपत्री हौस ब्राउझरवर आणली की ‘म्हा’मधला अर्धा म मोठा आणि बाकीचे लहान, असे होऊ शकते. जोडाक्षर हे एकच एकक धरण्याचा नियम युनिकोडने २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत घेतला. अक्षरांतले अंतर वाढवण्याची सीएसएसमधली सोय तर देवनागरीत वापरूच नये, शिरोरेघ तुटते. डब्ल्यूसीएजी अंतर वाढवूनही मजकूर टिकावा असे म्हणते. त्याच कलमात, ज्या लिपीत एखादी सोय वापरली जात नाही तिला ती लागू नाही, असेही नमूद आहे.

अर्ज आणि कळफलक

जमिनीचा एक-चौदाचा उतारा मिळवण्यासारख्या अर्जात आधी तालुका, मग गाव, मग सर्व्हे क्रमांक निवडायचा असतो. तालुका निवडला की गावांची यादी जावास्क्रिप्टने भरली जाते. ही यादी एचटीएमएलच्या मूळ निवड-यादीने केली तर बाणाच्या कळांनी ती चालते आणि स्क्रीनरीडर गावाचे नाव वाचतो. सुंदर दिसावी म्हणून तीच साध्या चौकटींची रचली तर माउसवाल्यालाच ती उघडते. बाकीच्यांसाठी तिथे काही नसतेच. चौकटींना ‘आरिया’च्या, म्हणजे घटक काय आहे हे स्क्रीनरीडरला सांगणाऱ्या, खुणा जोडून हे सावरता येते, पण मूळ घटक हाताशी असताना तो द्राविडी प्राणायाम कशाला, हा प्रश्न उरतोच.

पिनकोडाच्या रकान्यात दुसरा खड्डा आहे. मराठी कळफलकावरून पणजीचा ४०३००१ देवनागरीत लिहिला की ‘चुकीचा क्रमांक’ असे उत्तर येऊ शकते, कारण जावास्क्रिप्टमध्ये अंक ओळखण्याचे नेहमीचे चिन्ह फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) जाणते. उलट तीच जावास्क्रिप्ट मराठी पद्धतीने संख्या छापायला सांगितली तर देवनागरी अंकच देते. पानाने स्वतः छापलेला आकडा परत त्याच पानावर चिकटवला की पानच तो नाकारते.

ब्राउझर-सुसंगतता

इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. डिजिटल सहीची कामे त्याच्यावरच बेतलेली असल्याने देशातल्या कित्येक कार्यालयांत तो त्यानंतरही गरजेचा राहिला. एज ब्राउझरमधली त्याची नक्कल किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. एजने २०२० मध्ये क्रोमियमचे इंजिन स्वीकारल्यापासून पान वाचून पडद्यावर मांडणारी ब्लिंक (क्रोम, एज), वेबकिट (सफारी) आणि गेको (फायरफॉक्स) ही तीनच मोठी इंजिने उरली. २०२२ पासून त्यांचे निर्माते ‘इंटरॉप’ या उपक्रमात दरवर्षी सामाईक चाचण्या ठरवून आपापले दोष काढतात.

भारतातला अनुभव थोडा निराळा. २०१७ मध्ये आलेला जिओफोन कायओएस या प्रणालीवर चालत असे आणि त्यात गेकोची ४८ वी आवृत्ती होती. पानाची ओळी-रकान्यांत मांडणी करणारे सीएसएस ग्रिड फायरफॉक्समध्ये ५२ व्या आवृत्तीत आले, तेही त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. त्यामुळे दुकानात नवाकोरा मिळणाऱ्या फोनचा ब्राउझर वर्षभर जुना होता आणि ग्रिडवर रचलेले पान त्यात कोसळे. उपाय साधा आहे : आधी एका रकान्याचे, वरून खाली वाचता येणारे पान लिहायचे आणि ग्रिडचे नियम ‘सपोर्ट्स’ या अटीत, म्हणजे ब्राउझरला ग्रिड येत असेल तरच लागू होतील असे, ठेवायचे. सत्तरी किंवा काणकोणच्या डोंगराळ भागात, जिथे रेंज जाते-येते, तिथेही हीच रीत कामी येते. जावास्क्रिप्टची फाइल पोचली नाही तरी मजकूर वाचता येतो.

कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या ४२ व्या कलमात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी ‘जीआयजीडब्ल्यू’ ही मार्गदर्शिका २००९ पासून असून २०२३ ची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ ला धरून आहे; शिवाय ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानकही आहे. इतके असूनही परिपत्रक कागदावर छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून चढवण्याची सरकारी खोड गेलेली नाही. अशी पीडीएफ म्हणजे निव्वळ छायाचित्र, आणि ज्या दिव्यांग योजनेची ती सूचना असते तिचे लाभार्थीच ती वाचू शकत नाहीत.

गोव्यात राज्य दिव्यांगजन आयोगाच्या पुढाकाराने जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांच्या समावेशनाचा महोत्सव पहिल्यांदा भरला. तेव्हापासून समावेशनाची चर्चा किनारे आणि रस्त्यांवरून डिजिटल सेवांपर्यंत सरकते आहे. न्यायालयांनीही भूमिका कडक केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा २०१७ चा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला लावणारी केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख-पडताळणी, ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना पार करता येत नाही, अशी या खटल्यातली तक्रार होती.