अन्न-ॲलर्जी संशोधन आणि अन्न सुरक्षा कायदा (नाशिक)

अन्नातील घटकांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचा रुग्णालयीन अभ्यास आणि त्यावर आधारलेले अन्नविक्रीचे नियम यांचा हा विषय आहे. नाशिकशी त्याचा संबंध दुहेरी आहे. राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) नाशिकला म्हसरूळ येथे आहे. शिवाय द्राक्ष, बेदाणा आणि वाइन यांमुळे ॲलर्जीच्या कायद्यात नाव असलेला एक घटक, सल्फाइट हा गंधकयुक्त परिरक्षक, या जिल्ह्याच्या थेट व्यवहारातला आहे.

भारतात अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम २००६ साली झाला. त्याखालील लेबलविषयक २०२० च्या विनियमांनुसार आठ गटांची घोषणा पाकिटावर करावी लागते: ग्लुटेनयुक्त (गव्हासारखी) धान्ये, कवचधारी जलचर (कोळंबी, खेकडे), दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट. ही यादी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या तेव्हाच्या वळणाची आहे. मराठी ताट समोर ठेवून ती झालेली नाही. तीळ व मोहरी तिच्यात नाहीत, युरोपीय संघाच्या यादीत मात्र दोन्ही आहेत. भारतीय संशोधकांनी हरभऱ्याची ॲलर्जी नोंदवली आहे, तरी बेसन यादीबाहेरच आहे.

सल्फाइटचे प्रकरण नाशिकसाठी सर्वांत महत्त्वाचे. बेदाण्याचा सोनेरी रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, वाइन टिकवण्यासाठी सल्फाइट वापरतात, आणि निर्यातीच्या द्राक्षपेटीत बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइड सोडणारे ग्रेप गार्ड कागद ठेवतात. सल्फाइटचा त्रास बहुतेक वेळा काटेकोर अर्थाने ॲलर्जी नसतो. त्यात आयजीई प्रतिपिंडांचा (ॲलर्जी घडवणाऱ्या, रक्तातील प्रथिनांचा) भाग सहसा सापडत नाही, म्हणून त्वचेवर टोचून केलेली चाचणी फारशी उपयोगी पडत नाही. दम्याच्या काही रुग्णांची श्वासनलिका मात्र आकसते. दवाखान्यातली निरीक्षणे कायद्यापर्यंत पोचल्याचे ठळक उदाहरणही याच घटकाचे आहे. सल्फाइटमुळे दमा उसळल्याच्या नोंदी आणि काही मृत्यू पुढे आल्यावर अमेरिकेने १९८६ मध्ये कच्च्या खायच्या फळे-भाज्यांवर त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे पाकीटबंद बेदाण्यावर घोषणा असते. बाजारात किलोवर मोजून दिलेल्या सुट्या बेदाण्याला लेबलच नसते.

हॉटेलांबाबतचा नियम आणखी तोकडा आहे. पदार्थासोबत ॲलर्जीची माहिती दाखवण्याची सक्ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांना आहे. नाशिकची ओळख असलेली बहुसंख्य मिसळगृहे एकाच मालकाची, एकाच जागची. पावातला गहू कोणालाही कळतो. फरसाणात काय काय मिसळले आहे हे वाढणाऱ्यालाही नेहमी ठाऊक नसते.

एम.डी.च्या तीन वर्षांत विद्यार्थ्याला प्रबंध करावाच लागतो. बालरोग, त्वचारोग आणि श्वसनविकार या शाखांत ॲलर्जी हा विषय त्यासाठी सोयीचा पडतो. मर्यादा मात्र मोठी. ‘वांगं खाल्लं की अंगावर पित्त उठतं’ हे रुग्णाचे म्हणणे किंवा नुसता रक्ताचा अहवाल यावर नियम उभा राहत नाही. कर्नाटकात प्रौढांवर झालेल्या युरोप्रिव्हॉल-इन्को या अन्न-ॲलर्जीच्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात अन्नघटकांविरुद्ध संवेदनशीलता (म्हणजे प्रतिपिंडे) आढळली, पण संभाव्य ॲलर्जी १.२ टक्क्यांनाच होती. पुराव्यासाठी देखरेखीखाली प्रत्यक्ष पदार्थ खाऊ घालण्याची चाचणी लागते. तिला वेळ, खाट आणि झटका आल्यास ॲड्रिनॅलिनचे तातडीचे इंजेक्शन हाताशी असावे लागते.

असा पुरावा मिळाला तरी यादीत नवा घटक घालणे नाशिक महापालिकेच्या किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हाती नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे शास्त्रीय पॅनेल, शास्त्रीय समिती, मसुद्यावर जनतेच्या हरकती-सूचना आणि केंद्र सरकारची मंजुरी असा तो मार्ग आहे. राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त कलम ३० खाली वर्षभरापर्यंत बंदी घालू शकतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर ती आहे. पण इतरांना निर्धोक असलेल्या पदार्थावर बंदी हा ॲलर्जीचा उपाय होऊ शकत नाही.

डॉक्टरांशी थेट संबंध येतो तो कलम ३५ चा. अधिसूचित भागातील नोंदणीकृत डॉक्टरांना अन्नविषबाधेच्या घटना कळवणे त्याखाली बंधनकारक करता येते. ॲलर्जीचा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे जिल्ह्याची आकडेवारी आपोआप साचत नाही. ती कोणीतरी प्रबंधाचा विषय म्हणून हाती घेऊन, केसपेपर चाळून गोळा करावी लागते.